सॉक्रेटिस आणि लोकमान्य : दोन खटल्यांचा विचार

गेल्या एक ऑगस्टला, लोकमान्यांच्या पुण्यतिथीस, मालवणहून कसालकडे जाणाऱ्या रस्त्यावरील कट्टा या गावी आठदहा वाचकांची एक बैठक भरली होती. पाऊस असा लागला होता की, कौलांवरील पाण्याच्या आवाजापुढे वक्त्याचा आवाज टिकेना. विषय लोकमान्यांवरील १९०८ सालच्या राजद्रोहाच्या खटल्याचा होता. परंतु बोलणाऱ्या शिक्षकांनी प्रस्तावना म्हणून आधी सॉक्रेटिसाच्या खटल्याची हकीकत सांगितली आणि 'टिळक हे आमचे सॉक्रेटिस होत' असा तिचा समारोप केला. सर्वांनी माना डोलावल्या. तेव्हा मागच्या बाकावर बसलेले एक वृद्ध बागायतदार सहज म्हणाले, "म्हणजे तेका गावानच मारल्यान, सायबान न्हय."

सभेत थोडे हसू उमटले आणि विषय पुढे सरकला. आमच्या मनातून मात्र ते वाक्य गेले नाही. सॉक्रेटिसास त्याच्याच गावाने मारले, परक्या साहेबाने नव्हे. ही गोष्ट ग्रीक इतिहास वाचणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. परंतु टिळकांची उपमा देताना ती सोयीस्करपणे विसरली जाते. दोन्ही खटल्यांत एक विचारवंत, एक ज्यूरी, एक निर्भय भाषण आणि एक कठोर शिक्षा आहे, एवढ्यावर आपण समाधान मानतो. सॉक्रेटिसाला झालेली शिक्षा न्याय्य होती काय, या जुन्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या म्हाताऱ्यांच्या वाक्याच्या वाटेने शोधावेसे वाटते.

प्रथम साधनांविषयी. सॉक्रेटिसाच्या खटल्याची जी माहिती आज उपलब्ध आहे ती जवळजवळ सगळी आरोपीच्या बाजूची आहे. प्लेटो हा त्याचा शिष्य. खटल्याच्या वेळी तो न्यायसभेत हजर होता आणि दंडाला जामीन राहण्यासही तयार होता. झेनोफन हा दुसरा शिष्य. तो त्या वेळी आशियात लष्करी मोहिमेवर होता, आणि त्याने जे लिहिले ते ऐकीव आधारावर. मेलेटस, अॅनिटस व लायकन या तीन फिर्यादींची भाषणे नष्ट झाली. म्हणजे दोन हजार चारशे वर्षे जग या खटल्याचे अपील ऐकत आहे, आणि फिर्यादीचा वकील एकदाही उभा राहिलेला नाही! टिळकांच्या खटल्याचे तसे नाही. न. चिं. केळकरांनी त्या खटल्याचा इंग्रजी वृत्तान्त त्याच वर्षी प्रसिद्ध केला. केळकर टिळकांचे सहकारी होते हे खरे. तथापि सरकारी वकील ब्रॅन्सन यांचे भाषण, न्यायमूर्ती दावर यांनी ज्यूरीस सांगितलेला समारोप, साक्षीदारांची उलटतपासणी, हे सर्व त्यात आहे. वाचकाला दोन्ही बाजू ऐकून मत देता येते. अथेन्सच्या बाबतीत ज्याला न्यायबुद्धीने विचार करावयाचा आहे त्याने म्हणूनच फिर्यादीचे वकीलपत्र थोडा वेळ स्वतःकडे घ्यावे, असे आम्हांस वाटते. प्लेटोच्या लेखणीला तेवढा प्रतिकार हवाच.

ते वकीलपत्र आम्ही घेतो. इ. स. पूर्व ४०४ मध्ये अथेन्सचा स्पार्टाकडून संपूर्ण पराभव झाला. सत्तावीस वर्षांचे युद्ध, त्याच्या आरंभीच आलेली महामारी, सिसिलीत गारद झालेले आरमार, आणि शेवटी शत्रूच्या आधाराने गावाच्या मानेवर बसलेले तीस जुलमी सत्ताधीश. या तिसांनी सुमारे आठ महिन्यांच्या राज्यात पंधराशे नागरिक ठार मारले असे अॅरिस्टॉटलच्या नावावरील ग्रंथात नमूद आहे. त्यांचा म्होरक्या क्रिटियस हा एके काळी सॉक्रेटिसाच्या बैठकीतला. खार्मिडीस हाही त्या बैठकीतला. तो तिसांच्या हाताखाली बंदराचा कारभार पाहणाऱ्या दहांपैकी एक होता. आणि ज्याने ऐन युद्धात गाव सोडून शत्रूला सल्ला दिला तो अल्सिबायडीझ तर सॉक्रेटिसाचा लाडका म्हणूनच प्रसिद्ध. तिसांच्या अमलात लोकपक्षाची माणसे परागंदा झाली, काही लढून मेली. सॉक्रेटिस गावातच राहिला. लोकशाही परत आल्यावर तो पुन्हा बाजारपेठेत उभा राहून विचारू लागला की, जोडा शिवायला आपण चांभाराकडे जातो, जहाज हाकायला तांडेल शोधतो, मग राज्य चालवायला चिठ्ठ्या टाकून माणसे का निवडता? प्रश्न तर्कशुद्ध असेल. परंतु ज्याच्या भावाला तिसांनी विष पाजले होते त्याला तो कसा ऐकू आला असेल, याचा विचार प्लेटो आपल्याला करू देत नाही.

अॅनिटसविषयीही दोन शब्द. प्लेटोच्या वाचकांच्या मनात तो एक कोत्या मनाचा कातडीव्यापारी म्हणून उरतो. परंतु हा मनुष्य तिसांविरुद्धच्या लढ्यातील पुढाऱ्यांपैकी होता. त्या धामधुमीत त्याची मालमत्ता गेली, आणि लोकशाही परतल्यावर ती बळकावणाऱ्यांवर दावा लावण्याची सत्ता हाती असतानाही त्याने तो लावला नाही, अशी आयसॉक्रेटीस या वक्त्याची साक्ष आहे. कारण इ. स. पूर्व ४०३ मध्ये अथेन्सने शपथ घेतली होती की, झाले गेले उकरून काढावयाचे नाही. पराभूत पक्षाशी असे उदार वर्तन करणारी उदाहरणे इतिहासात थोडीच सापडतील. ज्या गावाने सॉक्रेटिसास मारले तेच हे गाव, हे ध्यानात ठेवावे.

पद्धतीकडे पाहिले तरी अथेन्सवर बोट ठेवावयास फारशी जागा नाही. तीस वर्षांवरील नागरिकांतून चिठ्ठीने निवडलेले सुमारे पाचशे एक पंच. त्यांना तीन ओबोल रोजमुरा. दोन्ही पक्षांना पाणघड्याळाने मोजलेला वेळ. आणि शेवटी गुप्त मतदान. फिर्यादीला एक-पंचमांश मतेही न मिळाली तर त्याला एक हजार द्राख्मा दंड होई, म्हणजे खोडसाळ फिर्यादीलाही आळा होता. उणीव होती ती दुसरीकडे. कायदा समजावून सांगणारा न्यायाधीश तेथे नव्हता, पंचांनी आपसांत चर्चा करण्याची सोय नव्हती, आणि सर्व काम एका दिवसात उरकावयाचे होते. आम्हां मराठी वाचकांच्या मनातील न्यायासनावर रामशास्त्री बसलेले असतात: एकटे आणि निःस्पृह, राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे. अथेन्समध्ये रामशास्त्री नव्हतेच. तेथे पाचशे एक शेजारी होते.

आता आरोप. गावाचे देव न मानणे, नवी दैवते आणणे आणि तरुणांना बिघडवणे. यांपैकी पहिल्या दोहोंना मिळून अधर्माचा आरोप म्हणत. परंतु अधर्म म्हणजे नेमके काय याची व्याख्या कायद्यात केलेली दिसत नाही. ती प्रत्येक पंच आपल्या मनात करी. या बाबतीत आमच्या मालवणी मुलखातील वाचकाला सॉक्रेटिसाची बाजू समजणे इतरांपेक्षा सोपे जावे. आमच्याकडे कोणतेही गावकाम देवाचा कौल घेतल्याशिवाय होत नाही. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीखसुद्धा कौलाने ठरते. पंचांगात पाहून ती आगाऊ सांगता येत नाही. सॉक्रेटिसाचा मित्र खेरेफन याने डेल्फीच्या देवस्थानी असाच कौल मागितला होता: सॉक्रेटिसाहून शहाणा कोणी आहे काय? उत्तर आले, नाही. इथवर सर्व रीतसर आहे. पुढे सॉक्रेटिसाने जे केले ते कोणत्याही गावात रीतसर ठरणार नाही. त्याने कौल मान्य केला, पण त्याचा अर्थ काय हे तपासण्यासाठी तो राजकारण्यांकडे गेला, कवींकडे गेला, कारागिरांकडे गेला, आणि त्यांना काय ठाऊक नाही हे चारचौघांत दाखवू लागला. देवाच्या शब्दावर एवढे आयुष्य खर्ची घालणाऱ्या माणसाला नास्तिक म्हणणे हे अज्ञान होय. परंतु देवाच्या कौलाची अशी परीक्षा पाहणारा माणूस गावाला नकोसा होतो, हेही तितकेच खरे.

येथवर आम्ही अथेन्सची बाजू प्रामाणिकपणे मांडली. आता ते वकीलपत्र आम्ही परत करतो, आणि कारण सांगतो. सॉक्रेटिसाच्या मृत्यूनंतर सुमारे अर्धशतकाने, इ. स. पूर्व ३४५ मध्ये, एस्किनीस हा वक्ता अथेन्सच्याच पंचांपुढे अगदी सहजपणे बोलून गेला की, तुम्ही सॉक्रेटिसाला मारलेत ते त्याने क्रिटियसला शिकवले म्हणून. त्याने देवांचा उल्लेख केला नाही. नव्या दैवतांचाही केला नाही. म्हणजे खरा आरोप गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होता, आणि तो आरोपपत्रात नव्हता. तो तेथे येऊ शकत नव्हता, कारण झाले गेले न उकरण्याची शपथ आड येत होती. मग त्या शपथेला अक्षरशः न मोडता वळसा घालण्यात आला. जे विचारावयाचे होते ते विचारले गेले नाही, आणि जे विचारले गेले त्यासाठी कोणी मत दिले नाही. आमच्या मते या खटल्यातील अन्याय येथे आहे. पंच लाचखाऊ नव्हते आणि कायदाही मोडला गेला नव्हता. परंतु जो आरोप उघड मांडला जात नाही त्याचा जबाब आरोपीने द्यावा कसा? सॉक्रेटिसाला मोकळेपणी विचारले असते की, तिसांच्या राज्यात तू काय केलेस, तर त्याच्याजवळ उत्तर होते. सॅलमिसच्या लिऑनला धरून आणण्याचा हुकूम तिसांनी त्याला व इतर चौघांना दिला होता. ते चौघे सॅलमिसला गेले, हा घरी गेला. प्राण जाण्याचा प्रसंग होता. तिसांची सत्ता लवकर संपली म्हणून वाचला. त्याआधी लोकशाहीच्या काळातही, इ. स. पूर्व ४०६ मध्ये, आर्गिन्यूसीच्या आरमारी लढाईतील सेनापतींना एकाच ठरावाने मारण्याचा बेकायदा प्रस्ताव आला तेव्हा सभेच्या कार्यकारी पंचांपैकी एक म्हणून त्याने एकट्याने शेवटपर्यंत नकार दिला होता. सेनापती मारले गेलेच, आणि अथेन्स नंतर पस्तावले. या दोन गोष्टी तो आपल्या भाषणात सांगतो. पण ज्या आरोपाला त्या उत्तर होत्या तो आरोप तेथे नसल्यामुळे त्या हवेत राहतात.

मतांची मोजणी झाली. सॉक्रेटिस म्हणतो की, तीस मते इकडची तिकडे पडती तर मी सुटलो असतो. यावरून सुमारे २८० विरुद्ध २२१ असा हिशेब अभ्यासक करतात. सत्तर वर्षांच्या, आयुष्यभर लोकांना टोचलेल्या माणसाला २२१ शेजाऱ्यांनी निर्दोष ठरवले, ही आम्हांस अथेन्सची मोठी अब्रू वाटते. परंतु पुढे जे घडले ते वाचताना मन अस्वस्थ होते. अशा फिर्यादीत शिक्षा ठरलेली नसे. फिर्यादीने एक सुचवावी, आरोपीने दुसरी, आणि पंचांनी दोहोंपैकी एक निवडावी. फिर्यादीने मृत्यू मागितला. सॉक्रेटिसाने हद्दपारी मागितली असती तर ती मिळाली असती, याविषयी कोणास शंका नाही. त्याने काय मागितले? ऑलिंपिकमधील विजयी वीरांना नगरसभागृहात जे आयुष्यभर सरकारी खर्चाने भोजन मिळते ते! कारण आपण गावाचे कल्याणच केले आहे. नंतर त्याने एक मिना दंड देऊ केला, आणि प्लेटो व इतर मित्रांनी आग्रह केला तेव्हा तीस मिना. पंच चिडले. डायोजिनीस लेर्शस हा चरित्रकार लिहितो की, मृत्युदंडाला आधीपेक्षा ऐंशी मते अधिक पडली. तो सहाशे वर्षांनंतरचा लेखक असल्यामुळे आकड्याविषयी आम्ही आग्रह धरीत नाही. परंतु आकडा खरा असेल, निदान त्याच्या आसपास काही घडले असेल, तर त्याचा अर्थ भयंकर आहे. ज्या माणसाला घटकेपूर्वी आपण निर्दोष म्हटले त्यालाच मारण्यासाठी ऐंशी माणसांनी मत दिले. आरोपीची भाषा त्यांना उद्धट वाटली, एवढेच मध्ये घडले होते. उद्धटपणाची शिक्षा मृत्यू नव्हे. जगातील कोणत्याही विधीग्रंथात ती तशी नाही, आणि कोणत्याही न्यायसभेत ती तशी होऊ शकते.

सॉक्रेटिसाने मरण ओढवून घेतले, असे झेनोफन सुचवतो; म्हातारपणाचे हाल टाळण्यासाठी. आम्हांस हे पटत नाही. नोकराच्या नजरेने धन्याचे मोठेपण दिसत नाही, तसे काहीसे झेनोफनचे झाले आहे. 'क्रिटो' हा लहानसा संवाद वाचावा. डेलॉसला गेलेले पवित्र गलबत परत येईपर्यंत गावात कोणास मारावयाचे नसे, म्हणून सॉक्रेटिस महिनाभर तुरुंगात होता. पळून जाण्याची सर्व तयारी क्रिटोने केली होती, पहारेकऱ्याचे मन वळले होते. सॉक्रेटिस गेला नाही. गावचे कायदे माणसासारखे येऊन त्याच्याशी बोलतात अशी कल्पना त्याने केली आहे. आमच्या आधाराने तुझ्या आईबापांचे लग्न झाले, तू वाढलास, शिकलास. आम्ही न आवडते तर चीजवस्तू घेऊन निघून जाण्याची तुला मोकळीक होती. सत्तर वर्षे तू हाललाही नाहीस. आता निकाल विरुद्ध गेला म्हणून करार मोडतोस? आणि कायदे शेवटी असेही म्हणतात की, तुझ्यावर अन्याय झाला आहे खरा, पण तो आम्ही केलेला नाही, माणसांनी केला आहे. शिक्षा अन्यायाची, तरी ती भोगणे उचित: सॉक्रेटिसाचे हे मत ज्यांना विसंगत वाटते त्यांनी 'करार' या शब्दाकडे पाहावे. ते कायदे त्याचे होते. त्यानेच, त्याच्या बापानेच, त्याच्या शेजाऱ्यांनीच केलेले.

आता मुंबईच्या उच्च न्यायालयाकडे वळू. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे बाँब पडून दोन इंग्रज स्त्रिया मेल्या. 'केसरी'त १२ मे रोजी 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जून रोजी 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे लेख आले. दोहोंचा आशय असा की, बाँब वाईटच, परंतु तो दडपशाहीतून उपजतो आणि दडपशाही वाढवल्याने थांबणार नाही. २४ जूनला टिळकांना मुंबईत पकडण्यात आले. १३ जुलैला खटला सुरू झाला. न्यायासनावर दिनशा दावर. अकरा वर्षांपूर्वीच्या, १८९७ च्या खटल्यात, याच दावरांनी बॅरिस्टर या नात्याने टिळकांच्या जामिनासाठी न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे युक्तिवाद करून तो मिळवला होता. आता बॅरिस्टर जिना तोच जामीन मागावयास उभे राहिले तेव्हा न्यायमूर्ती दावरांनी तो नाकारला. कथालेखकाने असा प्रसंग रचला असता तर टीकाकारांनी त्याला कृत्रिम म्हटले असते.

ज्यूरी नऊ जणांची: सात युरोपियन, दोन पारशी. ज्या मराठी लेखांबद्दल खटला होता ते मराठीत समजून घेण्याची कोणाकडून अपेक्षाच नव्हती. खटला भाषांतरावर चालला. आपल्या आत्मसमर्थनाच्या आरंभी सॉक्रेटिस म्हणतो की, न्यायसभेची भाषा मला परकी आहे, तेव्हा मी परदेशी आहे असे समजून माझ्या बोलीबद्दल मला क्षमा करा. त्याच्या तोंडी हा विनोद आहे. तो पंचांची मातृभाषाच बोलत होता. टिळकांच्या बाबतीत तो विनोद अक्षरशः खरा ठरला. स्वतःच्या प्रांतात, स्वतःच्या लेखांविषयी, त्यांना परक्या भाषेत एकवीस तासांहून अधिक बोलावे लागले. आणि त्यातील बराच वेळ कोणत्या मराठी शब्दाला कोणता इंग्रजी शब्द लावला गेला, त्याने अर्थ किती तिखट झाला, मराठीची राजकीय परिभाषा अजून घडत असताना तिच्यावर कोशातला शब्द कसा लादता येत नाही, हे समजावण्यात गेला. ज्यांना मराठी गद्याच्या इतिहासात रस आहे त्यांनी तो भाग अवश्य वाचावा. शब्दांच्या छटांविषयी इतकी बारीक चर्चा आपल्या भाषेच्या वाट्याला विद्यापीठातही फारशी आलेली नाही. ती आली आरोपीच्या पिंजऱ्यात.

२२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले. सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड. मध्यरात्र उलटली तेव्हा त्यांना बावन्न वर्षे पूर्ण झाली होती. २३ जुलै हा त्यांचा जन्मदिवस. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांच्या शिक्षेबद्दल सहा दिवस संप केला. पुढचा मंडालेचा तुरुंगवास आणि तेथे लिहिलेले 'गीतारहस्य' वाचकांस परिचितच आहे.

हा निकाल न्याय्य होता काय? दंडविधानाच्या १२४अ कलमाच्या चौकटीत दावरांना तो देता येत होता, हे मान्य करावे लागेल. १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी 'अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव' असा अर्थ ज्यूरीस सांगितला होता. त्या अर्थाने कोणता स्वाभिमानी संपादक निर्दोष राहील? परंतु अथेन्सचा पंच जी व्याख्या मनात करी ती निदान गावाच्या मनातली होती. येथे व्याख्या परक्याची, भाषा परकी, ज्यूरीतले बहुमत परके. 'क्रिटो'तील कायदे टिळकांपुढे येऊन उभे राहते तर त्यांना बोलण्यास तोंडच नव्हते. १२४अ हे कलम १८७० साली दंडविधानात घातले गेले तेव्हा टिळक चौदा वर्षांचे होते, आणि त्यांच्या वडिलांचे मत कोणी विचारले नव्हते.

आमच्या म्हणण्यास एक अडचण आहे, ती लपवणे बरे नव्हे. टिळक १८९५ ते १८९७ या काळात मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद होते. आणि खटल्यात त्यांनी 'तुमचा कायदा मला बंधनकारक नाही' असे एकदाही म्हटले नाही. उलट इंग्रज न्यायाधीशांचेच निवाडे काढून, वृत्तपत्रस्वातंत्र्याचे रक्षक म्हणून ज्यूरीचा गौरव करून, ते जणू करार अस्तित्वात आहे असे समजूनच बोलले. आम्हांस यात डावपेच दिसत नाही. आमच्या समजुतीप्रमाणे ती शेवटची परीक्षा होती. निकालानंतर त्यांनी जे चार शब्द उच्चारले त्यांत कायद्याचा उल्लेख नाही. न्यायसभेहून वरिष्ठ असलेल्या शक्तीचा आहे, आणि ज्यूरीचा निर्णय असूनही आपण निर्दोष आहोत या प्रतिपादनाचा आहे. ते शब्द मुंबई उच्च न्यायालयात संगमरवरावर कोरलेले आहेत. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी त्या फलकाचे अनावरण केले.

याच सालची आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १९०८ च्या एप्रिल-मे महिन्यांत, टिळकांचा पहिला लेख छापला जात होता त्याच सुमारास, दक्षिण आफ्रिकेत गांधी आपल्या 'इंडियन ओपिनियन' पत्रात सॉक्रेटिसाचे आत्मसमर्थन गुजरातीत 'एका सत्यवीराची कथा' अशा अर्थाच्या मथळ्याखाली देत होते. त्याचे पुस्तक झाले. आणि १९१० मध्ये मुंबई सरकारने 'हिंद स्वराज्य'बरोबर तेही जप्त केले. जे सरकार आपल्या शाळा-कॉलेजांतून युरोपची विद्या देत होते, त्यालाच सॉक्रेटिस गुजरातीत बोलू लागताच भीती वाटली. अॅनिटसला हे समजले असते.

तर मग टिळक आमचे सॉक्रेटिस होत काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्यात टिळकांचे उणे नाही. टिळकांना दोषी ठरवणाऱ्यांविषयी राग धरणे आम्हांस फार सोपे जाते. ते आम्ही नव्हतो. सॉक्रेटिसाची गोष्ट आमच्यावर उलटते, कारण तेथे पंच आम्ही असतो. १९५० नंतर कायदे आमचे झाले; 'क्रिटो'तील संभाषण आता आमच्याशी चालू शकते. पण ज्या कलमाखाली टिळक मंडालेस गेले ते कलम आम्ही तसेच ठेवले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंग खटल्यात त्याचा अर्थ हिंसेच्या वा अव्यवस्थेच्या चिथावणीपुरता मर्यादित केला. मे २०२२ मध्ये त्याची अंमलबजावणी थांबवली. १ जुलै २०२४ पासून नवीन न्यायसंहिता आली आणि 'राजद्रोह' हा शब्द गेला. तिच्या १५२ व्या कलमात देशाचे सार्वभौमत्व व ऐक्य धोक्यात आणणारी कृत्ये आली. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचे १९२७ चे २९५अ कलम २९९ हा क्रमांक घेऊन पुढे चालू आहे. अशी कलमे असू नयेत असे आम्ही म्हणत नाही. त्यांची गरज काही प्रसंगी पटते. आम्ही एवढेच विचारतो की, त्यांखाली एखाद्यावर फिर्याद होते तेव्हा कागदावरचा आरोप आणि गावाच्या मनातला आरोप एकच असतो काय? की तेथेही एखादा क्रिटियस मनात धरून देवाचे नाव कागदावर लिहिले जाते? ज्यूरी आमच्याकडून गेली. १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीस निर्दोष ठरवले आणि उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला, तेव्हापासून तिची पत राहिली नाही. तथापि न्यायालयाबाहेरचे पाचशे एक शेजारी रोज बसतात. आमच्या गावाचे तर नावच कट्टा आहे.

त्या दिवशी सभा संपल्यावर पाऊस ओसरण्याची वाट पाहत आम्ही ओसरीवर उभे होतो. शिक्षकांनी त्या वृद्ध गृहस्थांना थोड्या थट्टेने विचारले, "काका, तुम्ही त्या पाचशे एकांत असतात तर मत कोणाला दिले असतेत?" काकांनी प्रश्न थट्टेवारी नेला नाही. थोडा वेळ अंगणातल्या पाण्याकडे पाहून ते म्हणाले, "पयल्या खेपेक मी तेका सोडलं आसतंय. पण मगे ता जेवणाचा आयकान माका राग ईलो आसतो." आणि छत्री उघडून ते निघाले.